घरात ठेवलेल्या बंदुकीला गंज चढतो कसा: या चुका टाळा

गंजलेली बंदूक समोर ठेवून माणूस सांगतो, "तेल तर लावलं होतं!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा कंटाळा आलाय. तेल लावलेलं असतंही. पण ते घामाच्या मिठावर लावलेलं असतं, न पुसलेल्या नळीत ओतलेलं असतं आणि वर बंदूक चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात कोंडलेली असते. गंजाला हवा आणि ओल एवढंच पुरतं, आणि त्यात मीठ असेल तर तो झपाट्याने धावतो. त्यामुळे ओल आणि मीठ आधी हटवायचं, तेल शेवटी. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं फुकट जातं.

हात लावण्याआधी एक गोष्ट. मॅगझिन काढा, बोल्ट (मागची सरकती खीळ) उघडा किंवा दुनळी असेल तर बिजागरीवर वाकवून उघडा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं त्या टेबलावरच काय, त्या खोलीतही नकोत. "रिकामीच आहे" हे मी कुणाच्याही तोंडून मान्य करत नाही.

कव्हरमध्ये घालून ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. ओळखीतल्या एका गृहस्थांनी वडिलांची बारा बोअरची दुनळी दाखवायला आणली. कव्हर बघण्यासारखं होतं: जाड चामडं, आतून लोकर, पितळी बक्कल. "अहो, दरवर्षी काढून तेल लावतो आणि परत घालून ठेवतो," ते म्हणाले. चेन उघडली तर आतली लोकर तेलाने चिकट झालेली, आणि तिला कुबट ओलसर वास. बंदूक बाहेर काढली. वरून नळ्या काळ्याभोर, अगदी छान. उलटी केली तर खालच्या बाजूला, जिथे ती लोकरीवर टेकून होती तिथे, गंजाचे बारीक बारीक ठिपके लांबच लांब पट्ट्यात उमटलेले. उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं तर चेंबरच्या पुढे खड्डे. पितळी वूल (पितळेच्या बारीक तारांचा बोळा) आणि तेल लावून घासलं तेव्हा तांबूस थर निघाला, पण खड्डे जिथल्या तिथे राहिले आणि त्या पट्ट्यातलं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा थर, तोही गेला. खड्डा म्हणजे नाहीसं झालेलं पोलाद. ते कोणी परत भरून देत नाही. वडिलांची बंदूक म्हणून इतकी वर्षं जिवापाड जपली त्यांनी, आणि ती जपण्यातच गेली.

कारण साधं आहे. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात थोडेफार उरतातच. शिवाय चामडं, लोकर, कापड, स्पंज सगळे हवेतली ओल शोषतात आणि ती लोखंडाला चिकटवून धरतात. लावलेलं तेल लोकर पिऊन टाकते, पोलाद उघडं पडतं. पिस्तुलाच्या होल्स्टरचंही तेच, आणि स्पंज लावलेल्या प्लास्टिकच्या पेटीचंही. कव्हर प्रवासापुरतं. घरी आलात की बंदूक बाहेर, कव्हर वेगळं. बंद कपाटात ती उभी राहू दे, आजूबाजूला हवा खेळू दे. झाकायचीच असेल तर सिलिकॉन लावलेला विणलेला मोजा किंवा गंजरोधक व्हीसीआय कागदाची पिशवी वापरा. त्या पिशवीतही कोरडी करूनच घालायची.

मिठावर तेल

मीठ तेलात विरघळत नाही. एवढं एक लक्षात राहिलं तरी निम्म्या बंदुका वाचतील. बोटांच्या ठशातलं मीठ तेलाखाली तसंच बसतं आणि थोड्याच दिवसांत ठशाच्या रेषांसकट गंज उमटतो. म्हणून आधी पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, मग तेल. माझी सवय अशी की शेवटचं पुसणं झालं की पोलादाला उघडा हात लावायचा नाही. सुती मोजे घालून, दस्ता धरूनच बंदूक कपाटात ठेवायची. पाहुण्यांनी हाताळली तर ते गेल्याबरोबर पुन्हा पुसायची, दुसऱ्या दिवशी नाही.

नळीतलं मीठ आणखी घातक. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या मसाल्यात) बऱ्याचदा पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद, आणि तो नळीभर पसरतो. ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राखही अशीच ओल ओढून घेते. यावर नळी साफ करायचं महागडं सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रावण) फिरवून उपयोग नाही, पाणीच लागतं. लाकूड वेगळं करून नळीतून उकळतं पाणी ओता. नळी इतकी तापते की उरलेलं पाणी आपोआप उडून जातं. मग कोरड्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर तेल. हे त्याच दिवशी करायचं. "उद्या सकाळी करतो" म्हणणाऱ्यांच्या नळ्यांचे खड्डे मी बघितले आहेत. हल्लीच्या बहुतेक काडतुसांचे प्रायमर असे नसतात, तरी जुना साठा वापरताना खात्री नसेल तर पाणी फिरवाच.

तेलात बुडवणं

घाई असलेला नवशिका बाटली उपडी करतो. तेल खाली उतरतं, दस्त्याच्या तोंडाशी मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. चाप आणि खटक्याच्या आत शिरलेलं तेल धूळ पकडून डिंकासारखं होतं. पातळ, जेमतेम जाणवेल एवढा थर पुरे. मी बंदूक नळी खाली करून ठेवतो, खाली फेल्टचा तुकडा, म्हणजे ओघळलंच तरी लाकडाकडे जात नाही. आणि बार काढण्याआधी नळी व चेंबर कोरड्या चिंधीने पुसायचंच, कारण नळीत साचलेलं तेल दाब वाढवतं.

स्प्रेवाल्यांबद्दल बोलायलाच हवं. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली पाणी हटवण्यासाठी तयार झालं आणि नावातही तेच आहे: डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. पावसात भिजलेल्या बंदुकीवरचं पाणी हटवायला ते उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो थर महिनोन् महिने ठेवायच्या कामाचा नाही. दोन फवारे मारून कपाट बंद करणं म्हणजे संरक्षण नव्हे. लांब मुक्कामासाठी गंजरोधक तेल, जास्तच लांब असेल तर ग्रीस. स्वयंपाकाचं तेल कधीही नको, ते वाळून चिकट होतं.

सिलिका जेल टाकून विसरणं

सिलिका जेलची पुडी ओल शोषून एकदा भरली की ती नुसती पडून राहते. रंग बदलणारे दाणे घ्या. निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते भरले. साधारण 120 अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. कपाटाच्या दाराला फट असेल तर दाणे खोलीभरची ओल ओढत बसतील, म्हणून आधी फट बुजवा.

आत आर्द्रतामापक ठेवा. 45 ते 50 टक्के चांगलं. 60 च्या वर सतत राहिलं तर गंज येणारच. फारच खाली गेलं तर दस्ता चिरतो. स्वस्त मापकावर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ते ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं तर पाच मिळवून वाचायचं.

वीज जवळ असेल तर कपाटाच्या तळाशी गरम होणारी दांडी हा मला सगळ्यांत आवडलेला उपाय. 25 अंशांची 70 टक्के आर्द्रतेची हवा 28 अंशांवर नेली की तीच हवा 59 टक्क्यांच्या आसपास येते. अग्निरोधक तिजोरीच्या अस्तरात जिप्सम असेल तर त्यातही ओल असते, तिथे ही दांडी हवीच.

थोडक्यात आणखी काही

नळीच्या तोंडात चिंधी कोंबू नका. आत ओल अडकते, आणि ती विसरून बार काढला तर नळी फुटते.

स्टेनलेस गंजत नाही हा गैरसमज आहे. ते उशिरा गंजतं, एवढंच.

थंडीतून आणलेली बंदूक उबदार खोलीत लगेच उघडू नका. कव्हरमध्येच खोलीइतकी गरम होऊ द्या, मग बाहेर काढून पुसा.

कपाट बाहेरच्या भिंतीला आणि सिमेंटच्या जमिनीला टेकवू नका.

ब्लूइंग म्हणजे लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. तो तेल धरून ठेवतो, पण एकटा गंज अडवत नाही.

गंज दिसलाच तर

सँडपेपर आणि व्हिनेगर दूर ठेवा, दोन्हींनी ब्लूइंग जातं. गंजावर तेल लावून काही तास मुरू द्या, मग पितळी वूलने हलक्या हाताने, आधी न दिसणाऱ्या जागी करून बघत, घासा. स्टीलची वूल मला आवडत नाही, तिचे तुटलेले तंतू फटीत अडकून स्वतःच गंजतात. तांबूस रंग फडक्यावर यायचा थांबला की थांबा. चेंबरमध्ये किंवा नळीत खड्डे लागले, काडतूस अडकायला लागलं, तर बंदूक बनवणाऱ्या जाणकार कारागिराने तपासेपर्यंत तिच्यातून बार काढू नका.