जॉब अलर्ट लावताना बेळगावची दोन्ही नावं टाका

एम.कॉम., एम.एस्सी. झालेल्या आपल्या मुलांना जवळच्याच जागा दिसत नाहीत. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला ‘बेळगावी’ झालं, पण कितीतरी जाहिरातींत अजून ‘बेलगाम’च असतं.

1. Belagavi आणि Belgaum या दोन्ही इंग्रजी स्पेलिंगचे वेगवेगळे अलर्ट लावा. हुबळी-हुब्बळ्ळीचंही तसंच.
2. जवळच्या कोल्हापूर आणि पणजीचेही अलर्ट लावायला विसरू नका.
3. बायोडेटात ‘कन्नड येते’ एवढंच नको. बोलता, वाचता, लिहिता यांपैकी काय येतं ते मराठी, हिंदी, इंग्रजीसकट सांगा. आपल्याला त्याचं अप्रूप नसतं. सीमाभागात गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला असतं.

अर्जात स्वतःचं नाव मात्र दहावीच्या मार्क्सकार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर.