कमी डोसचं रेडिएशन आणि रक्तपेशी: लॅबमध्ये या चुका टाळा

१०० मिलिग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग) खालचं काम करताय ना, मग आधी हे डोक्यात फिट्ट बसवा की इथे रेडिएशनचा परिणाम इतका बारीक असतो की तुमच्या हाताळणीतला गोंधळ त्याच्यापेक्षा मोठा निघू शकतो, आणि मग तो गोंधळच 'रिझल्ट' म्हणून मिरवला जातो.

पहिली चूक मी स्वतः केलेली. घाईत जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, म्हणजे ईडीटीए, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि पीएचए (पेशींना विभाजनाला लावणारं द्रव्य) घातलं तरी लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, नीट वाढत नाहीत, ४८ तासांनी स्लाइडवर मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं मोजता येतील अशा विभागणाऱ्या पेशी, जवळजवळ नाहीतच. दोन दिवस गेले आणि वर शिव्या. कल्चरसाठी हेपरिनची हिरवी टोपीच घ्या.

दुसरी, म्हणजे सगळ्यात मोठी, पेशी कमी मोजणं. काहीच रेडिएशन न मिळालेल्या माणसातही हजार पेशींमागे साधारण एक डायसेंट्रिक (तुटून चुकीचं जोडलं गेलेलं, दोन सेंट्रोमिअरचं गुणसूत्र) सापडतो. ५० मिलिग्रे गॅमानं त्यात एक-दोनाचीच भर पडणार. आता हजार पेशी मोजल्या आणि तीन दिसले की पोरं उड्या मारतात, पण सरासरी एक असताना नुसत्या योगायोगानं तीन किंवा जास्त दिसायची शक्यता ८ टक्के आहे, म्हणजे रेडिएशन न मिळालेल्या बारा-तेरा सॅम्पलमधलं एखादं तसं निघणारच! दोनशे पेशींवर तर बोलूच नका. हजारोंनी मोजा, आणि स्लाइडवर कोड नंबर टाकून मोजा, कारण कुठली स्लाइड डोसची आहे ते माहीत असलं की डोळ्याला हवं तेच दिसतं.

गॅमा-एचटूएएक्स (डीएनए तुटलेल्या जागी चमकते ठिपके मोजायची चाचणी) करणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे घड्याळ. ठिपके रेडिएशननंतर अर्ध्या-एक तासात सगळ्यात जास्त असतात आणि मग रिपेअर होत उतरत जातात, दुसऱ्या दिवशी बहुतेक गेलेले. एक सॅम्पल अर्ध्या तासाने फिक्स केलं (म्हणजे रसायन घालून पेशी आहेत तशा थांबवल्या) आणि दुसरं चहा पिऊन आल्यावर तीन तासांनी, तर तुम्ही डोस नाही, चहाचा ब्रेक मोजलात.

कंट्रोल सॅम्पल टेबलावर ठेवून देऊ नका. तेही रेडिएशनच्या मशीनपर्यंत न्या, तेवढाच वेळ, तेच तापमान, फक्त बीम बंद. मायक्रोन्यूक्लियस (गुणसूत्राच्या मागे राहिलेल्या तुकड्यांचं छोटं केंद्रक) मोजत असाल तर डोनरचं वय, बाई की पुरुष, सिगारेट हे सगळं लिहून घ्या, कारण वय वाढलं की आकडा वाढतो आणि बायकांमध्ये मुळातच जास्त असतो, पंचविशीतल्या मुलांचा कंट्रोल घेऊन पन्नाशीतल्या टेक्निशियन ताईंशी तुलना केली तर फरक दिसणारच की.

डोस नुसता 'कमी' असं लिहू नका, किती मिलिग्रे आणि किती वेळात तेही लिहा. १९८४ मध्ये ऑलिव्हिएरी, बोडिकोट आणि वुल्फ यांनी दाखवलं होतं की आधी थोडंसं रेडिएशन मिळालेल्या लिम्फोसाइटना नंतरच्या १.५ ग्रे एक्स-रेनं अपेक्षेपेक्षा कमी इजा होते, पण एवढ्यावरून 'थोडं रेडिएशन चांगलं' असं सांगत सुटू नका, हे सगळ्या डोनरमध्ये सारखं दिसत नाही.

आणि एक्स-रे विभागातलं कुणी "सीबीसी नॉर्मल आलाय, मग टीएलडी बॅजचा आकडा चुकीचा" असं म्हणालं (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणी, टीएलडी म्हणजे अंगावरचा डोस मोजायचा बॅज) तर त्यांना सांगा, लिम्फोसाइटचा काउंट दिसण्याइतका पडायला साधारण अर्धा ग्रे लागतो, सीबीसीला यातलं काही कळत नाही. बॅज एप्रनला अडकवलेला तसाच एक्स-रे रूममध्ये राहिला होता का, ते आधी विचारा.