फुटलेले कागद हातात आले की

बातम्या छापायला जाण्याआधी कायद्याच्या नजरेने वाचणं हे माझं काम. बातमीदार पेनड्राइव्ह पुढे करून विचारतो, "लावायची ना?" मी म्हणतो, आधी सोर्सबरोबरचं चॅट दाखव.

सगळी गोम तिथे असते. "फाइल आहे, पाठवू?" "पाठवा." इथवर तुम्ही घेणारे. "साहेबांच्या मेलमधलं पुढचंही काढता येईल का?" एवढं एक वाक्य तुमच्याकडून गेलं, की चोरीत सामील असल्याचा आरोप होऊ शकतो. दुसऱ्याचं लॉगिन तर वापरूच नका, सोर्सने आपणहून दिलं तरी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बार्टनिकी विरुद्ध व्हॉपर खटल्यात, चोरून टेप केलेलं फोनवरचं बोलणं रेडिओवर ऐकवणाऱ्याला संरक्षण दिलं. कारण टेप करण्यात त्याचा हात नव्हता आणि विषय सार्वजनिक हिताचा होता. विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज याच्यावरच्या अमेरिकेतल्या आरोपपत्रात मात्र, त्याने सोर्सला पासवर्ड फोडायला मदत करायची तयारी दाखवल्याचा मुद्दा होता.

हा निकाल अमेरिकेचा, तो सगळीकडे चालत नाही. भारतात 1923 च्या ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्टच्या कलम 5 नुसार गुप्त कागद बेकायदा दिला जातोय हे माहीत असताना तो स्वेच्छेने घेणं हाही गुन्हा आहे. 'मी फक्त घेतले' हा बचाव इथे थिटा पडतो. राफेल विमान खरेदीचे फुटलेले कागद विचारात घेऊ नयेत हा सरकारचा आक्षेप 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, हे खरं. पण तो निकाल म्हणजे बातमीदाराला मिळालेलं अभयपत्र नव्हे. तसं समजणारे बरेच भेटतात.

आता प्रत्यक्ष काम. कागद कधी, कोणत्या मार्गाने आला याची तारखेसह नोंद ठेवा, सोर्सचं नाव त्यात नको. कागद चोरीचा आहे म्हणून खरा असतोच असं नाही, त्यामुळे मजकूर दुसरीकडून पडताळा. बदनामीच्या दाव्यात 'लीकमध्ये होतं' म्हणून सुटका होत नाही. बातमीला लागेल तेवढंच वापरा. कुणाचा आजार, खाते क्रमांक, घरचे फोन वगळा. अख्खी फाइल वेबसाइटवर चढवायचा मोह तर आवराच, त्यात कॉपीराइटचंही लचांड आहे.

प्रतिक्रिया घेताना मूळ कागदाचा फोटो समोरच्याला पाठवू नका. बरेच रंगीत लेझर प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, त्यातून प्रिंटर आणि छपाईची वेळ कळू शकते. मुद्दे आपल्या शब्दांत टाइप करून विचारा.

सोर्सला "कोर्टातही नाव सांगणार नाही" असा शब्द देण्याआधी वकिलाला विचारा. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं संरक्षण फक्त कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं आहे. आणि नोटीस आल्यावर चॅट उडवू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागेल. काय किती दिवस ठेवायचं, हे कागद येण्याआधीच ऑफिसात ठरलेलं असावं.