मराठी मंडळीतून थिऑलॉजीच्या डॉक्टरेटला जायचंय? मग हे वाचा

बीडी (थिऑलॉजीची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची पहिली पदवी) झालं की लगेच डॉक्टरेटचे फॉर्म शोधत बसू नका. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या वाटेने जायचं तर बीडी, मग एमटीएच (मास्टर्स), मग डीटीएच (डॉक्टरेट), असं पायरीपायरीनेच जावं लागतं. कॉलेज १८१८ चं, पदव्या द्यायची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिली, ती आजही चालते. कॅथलिक असाल तर पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप ही कॅथलिक संस्था आहे, तिथला क्रम वेगळा.

खरी परीक्षा विषय निवडताना. "भारतीय संदर्भात ख्रिस्त" वगैरे घेऊ नका, कुठला गाईड हो म्हणणार त्याला? मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आता टिळकांच्या भजनांत "कृपा" हा शब्द नेमका कुठल्या अर्थाने येतो, तुकोबांकडून किती आलाय आणि बायबलमधल्या पौलाच्या पत्रांकडून किती, एवढं एकच घेतलं तरी तीन-चार वर्षं पुरेल. आणि हे काम मराठी माणसानेच करायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण अभंगाची चाल ज्याच्या कानात नाही त्याला ते नुसत्या डिक्शनरीतून कसं कळणार.

भाषेचं आत्ताच बघा. नव्या करारावर काम करायचं तर ग्रीक, जुन्यावर हिब्रू, रोज अर्धा तास तरी. इतिहास घेतलात तर १८४२ पासूनचा "ज्ञानोदय" हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक चाळावंच लागेल, आणि अमेरिकन मिशनऱ्यांची पत्रं हार्वर्डच्या लायब्ररीत आहेत, तेव्हा खर्चाचा विचार आधीच करून ठेवा.

आता शिकवायचं. थिसिस संपल्यावर बघू म्हणालात तर उशीर होतो, आपल्याच चर्चमध्ये संडेस्कूल नाहीतर बायबल स्टडी आजच मागून घ्या. मी एकदा नव्या करारातलं रोमकरांस पत्र, पाचवा अध्याय घेत होतो, ग्रीक शब्द फळ्यावर लिहून पंधरा मिनिटं बोललो, तर मागच्या बाकावरच्या एक मावशी म्हणाल्या, "नीतिमान म्हणजे चांगल्या चालीचा, हो ना? मग माझ्या मुलाचं काय, तो तर पितो." मी गप्पच झालो. मग फळा पुसला आणि "नीतिमान ठरवलेले" यातला फक्त "ठरवलेले" एवढाच शब्द लिहिला, म्हटलं मावशी, हा कोर्टातला शब्द आहे, जज निकाल देतो ना तसा, माणूस आधी सुधारला म्हणून नाही, तर देवाने ख्रिस्तामुळे तसा निकाल दिला म्हणून. त्यांनी ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं आणि बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.