टेबल सोडा, चटईपाशी जा : पुराच्या निवाऱ्यात नर्सिंगला येणाऱ्यांसाठी

मुंबईत मिठी नदीचं पाणी चढलं की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या माणसांना पालिकेच्या शाळेत आणतात. २०२५ च्या ऑगस्टमध्येही आणलं होतं. मदतीला येऊ का, म्हणून नर्सिंगच्या मुलामुलींचे मला फोन येतात. जरूर या. फक्त वॉर्डातली सवय बाहेर ठेवून या. इथे बेड नंबर नसतो, केसपेपर नसतो आणि ज्याला खरी गरज आहे तो हाक मारत नाही.

हे मी २००५ मध्ये शिकले. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर आम्ही चार-पाच जणी ड्युटी संपवून एका शाळेत जायचो. दोन बाकं जोडून टेबल केलं, औषधं मांडली, रांग लागली. रांगेत सर्दी, खरचटणं, डोकेदुखी. मागच्या भिंतीशी एक काका कुशीवर पडलेले असायचे. पोटऱ्या दुखतात म्हणाले. त्या पावसात लोक तासन्‌तास पाण्यातून चालत घरी आले होते, सगळ्यांच्याच पोटऱ्या दुखत होत्या. मी मुलाच्या हाती मलम पाठवलं. सातव्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसले तर अंगात ताप, डोळे लालबुंद, सकाळपासून लघवी नाही. लेप्टो निघाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा आजार. डायलिसिस करावं लागलं, वाचले. पण चालल्याचं दुखणं तीन-चार दिवसांत उतरतं हे मला ठाऊक होतं, आणि मी टेबलामागून उठले नव्हते.

म्हणून आल्याबरोबर सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारा, नंतर टेबल मांडा. शाळेत खडू असतो. प्रत्येक चटईच्या वर भिंतीवर नंबर टाका आणि वहीत एका पानाला एक वर्ग घ्या: दार कुठे, फळा कुठे, कुठल्या नंबरला कोण. ही वहीच तुमचा वॉर्ड. रात्रपाळीच्या सिस्टरला किंवा ब्रदरला तीच हातात द्यायची, तोंडी हॅन्डओव्हरवर भागवायचं नाही.

चटईपाशी खाली बसा. "काही होतंय का?" असं विचारलं की "नाही हो ताई" एवढंच उत्तर येतं. "रोज कुठली गोळी घेता? ती आता कुठे आहे?" असं विचारा. मग कळतं की बीपीची गोळी कपाटाबरोबर गेली. "सकाळची, छोटी, गुलाबी" यापलीकडे नाव कुणाला येत नाही. घाबरू नका. नेहमीच्या केमिस्टला फोन लावा, त्याला बहुतेक वेळा आठवतं. लेकीच्या मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो सापडतो. अंदाजाने रंग जुळवून मात्र गोळी देऊ नका. नाव कळलं की डॉक्टरांना दाखवून सुरू करा.

फिटच्या गोळीत खंड पडला तर झटका येतो, ती सर्वांत आधी मिळवा. टीबीचं कुणी उघड सांगणार नाही. बाजूला घेऊन हळू विचारा, त्यांची चटई उघड्या खिडकीजवळ घ्या, मास्क द्या आणि त्या भागातल्या आरोग्यसेविकेला त्याच दिवशी कळवा म्हणजे डोस चुकणार नाही. रोज पिणारा माणूसही इथे अडकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेलं दिसायला लागतं. लोक "नाटक करतोय" म्हणतात. ते नाटक नाही, त्यात जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा.

इन्सुलिनसाठी फ्रिज शोधत बसू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं तरी चालतं. पण जेवण हातात आल्याशिवाय टोचायचं नाही. बाराचं पाकीट तीनला येतं, आणि तोवर साखर उतरून माणूस गळून पडतो. श्रावण असेल तर उपास आहे का हेही विचारा, आजी स्वतःहून सांगत नाहीत.

आता जुलाब, कारण निवाऱ्यात सगळ्यात जास्त हेच. ओआरएसचं पाकीट नुसतं हातात देऊ नका. एकदा एका बाईने माझ्यासमोर अख्खं पाकीट स्टीलच्या पेल्यात ओतलं, वर पाणी घालून बोटाने ढवळलं आणि बाळाच्या तोंडाला लावलं. तिची चूक नव्हती, कुणी दाखवलंच नव्हतं. एवढ्या दाट पाण्याने बाळाची तब्येत आणखी बिघडते. तेव्हापासून मी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घेऊन बसते. उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरायचं, एक पाकीट पूर्ण ओतायचं, हलवायचं, बाटलीवर मार्करने वेळ लिहायची. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. बाळाला चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश खाली गेली, डोळे खोल गेले, मूल पाणीही घेईना, तर बाटली बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा.

बायका पाणी पीत नाहीत. कारण विचारलंत तर सांगणार नाहीत, पण संडासात दिवा नसतो आणि कडी लागत नाही. मग लघवीची जळजळ, चक्कर. माझ्या मते तिथे बल्ब लावून घेणं हेसुद्धा नर्सिंगच आहे. वॉर्ड ऑफिसच्या माणसाच्या मागे लागा. दारात साबण बांधून ठेवा. पॅड बाईनेच, बायकांच्या खोलीत जाऊन वाटायचे.

पुराच्या पाण्यातून आलेल्यांना लेप्टोची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत मिळायला हवी. ती डॉक्टर ठरवतात. पायाला जखम असेल, बराच वेळ पाण्यात काढला असेल तर डोस बदलतो, म्हणून हे दोन्ही वहीत लिहून ठेवा. ही गोळी बहुतेकदा डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, असते; ती उपाशीपोटी द्यायची नाही, पेलाभर पाण्याबरोबर द्यायची आणि लगेच आडवं होऊ द्यायचं नाही. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांचं औषध वेगळं असतं, त्यांची नावं डॉक्टरांसमोर आधी ठेवा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. पावसाळ्यात डेंग्यू असतो, ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन चालत नाही. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा, हळद-टूथपेस्ट लावू देऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा. चिखल्यांना बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हा अर्धा उपचार.

स्वतःसाठी बंद बूट, टॉर्च, बीपी मशीनचे जादा सेल, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, पाणी आणि डबा आणा. आठ तासांनंतर घरी जा. दमलेला हात चुकीचं इंजेक्शन भरतो.

पाणी उतरलं की माणसं एका दिवसात निघून जातात. त्याआधी प्रत्येकाच्या हाती मराठीत, गरज असेल तर हिंदीत, एक चिठ्ठी द्या: पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे पहिल्यांदा सांगा. आणि वहीतली गरोदर बायका, टीबी, साखर, फिट यांची यादी उतरवून त्या वस्तीच्या आरोग्यसेविकेकडे द्या. कोण कुठल्या गल्लीत राहतं, हे तिला माहीत असतं.