एकच धक्का, रोज बारा फोटो

छायाचित्रणाचा नाद लागला तेव्हा मी तांबडी सुर्लचे महादेव मंदिर, पणजीतल्या फोंताइन्यास वस्तीच्या रंगीत भिंती असा गोवाभर हिंडत असे, तरीही घरी येऊन फोटो पाहिले की काहीतरी खटकत राही. नेमके काय, ते मंगेशीच्या देवळात काढलेल्या एका फोटोने उमगले. अंगणात उभ्या असलेल्या काकांच्या चेहऱ्यात मी इतका गुंतलो होतो की मागचा दीपस्तंभ थेट त्यांच्या डोक्यातून वर गेला आहे, हे मला दिसलेच नाही. दोन पावले बाजूला सरकलो असतो, तरी दोघांनाही आपापली जागा मिळाली असती.

त्यानंतर मी नवी ठिकाणे शोधणे बंद केले. कामावरून परतताना रायबंदरच्या फेरीधक्क्यावर रोज वीस मिनिटे थांबायचे, 50 मिलिमीटरची एकच लेन्स वापरायची आणि बाराच फोटो काढायचे, असे तीन महिने केले. मोबाइलवरही झूमला हात न लावता हे करता येते. या धक्क्यावरून नदीपलीकडच्या चोडण बेटाकडे पाहताना तोंड उत्तरेला असते, त्यामुळे मावळतीचा प्रकाश डावीकडून आडवा येतो आणि फेरीबोटीच्या पत्र्यावरचे पोपडे, दोरखंडाचे पीळ स्पष्ट उठून दिसतात.

दोर टाकणारा खलाशी मात्र कित्येक दिवस पलीकडच्या खारफुटीच्या गडद पट्ट्यात हरवत होता. एका संध्याकाळी गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली नेला, तेव्हा त्याचे डोके आणि उंचावलेला हात उजळ आकाशावर आले. उंची बदलली की पार्श्वभूमी बदलते, हे वाचून मला ठाऊक होते. अंगवळणी पडले ते त्या दिवसापासून.

इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी 1797 मध्ये निसर्गचित्रांसाठी मांडलेला तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकट मधोमध न विभागता एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अशी विभागणे, आज मोबाइलच्या पडद्यावर जाळी लावून सहज पाळता येतो. तरीही नवशिक्यांनी बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवण्याची सवय आधी लावून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण स्कूटरचे अर्धे चाक किंवा कडेने कापला गेलेला कुणाचा हात तिथेच घुसतो.

महिनाअखेरीस सगळे फोटो शेजारी शेजारी लावले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकात बोट मधोमध आणि उजवा खालचा कोपरा रिकामा आढळला. दुसऱ्या दिवशी मी बोट डावीकडे ठेवली आणि त्या कोपऱ्यात कुणीतरी येईपर्यंत कॅमेरा धरून थांबलो.