कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलताना या चुका टाळा

सातची गोळी बाबांनी आठला घेतली. मी चिडले, "तीनदा सांगितलं होतं ना!" सांगितलं होतं खरं, पण तिन्ही वेळा आतल्या खोलीतून, नळ चालू ठेवून आणि त्यांच्याकडे पाठ करून.

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा बहुधा आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्यातच मोडतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणजे 'सात'मधला 'स' गळला की उरतं 'आत', आणि मेंदू त्या जागी ओळखीचा शब्द बसवतो: आठ. "ऐकू येतं, पण कळत नाही" असं ही माणसं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. घरच्यांना मात्र वाटतं, हवं तेवढं बरोबर ऐकू येतं यांना!

ओरडून बोलणं. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं तशीच हरवलेली राहतात. शिवाय आतला कान कमजोर झालेल्या अनेकांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही. नेहमीपेक्षा किंचित मोठ्याने, सावकाश, वाक्याच्या मध्ये थोडं थांबून बोला. प्रत्येक अक्षर तोडून बोलू नका, त्याने ओठांची ठेवणच बिघडते.

लांबून बोलणं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. कानाच्या मशीनलाही एक-दोन मीटरच्या आतलं बोलणंच नीट पकडता येतं. जवळ जा, नावाने हाक मारा, नजर वळली की मगच विषय काढा. टीव्ही बंद करायला विसरू नका.

खिडकीकडे पाठ करून बसणं. उजेड तुमच्या तोंडावर हवा, पाठीमागे नको. ओठ वाचून सगळं कळतं असंही समजू नका. आरशासमोर आवाज न काढता 'पान', 'बाण', 'मान' म्हणून बघा, तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात.

तेच वाक्य पुन्हा पुन्हा. एकदा परत सांगून कळलं नाही, तर शब्द बदला. विषय आधी, तपशील नंतर: "डॉक्टरांकडे जायचंय. उद्या. सकाळी दहा वाजता."

"कळलं का?" विचारणं. उत्तर "हो" असंच येतं, कारण चौथ्यांदा "काय?" म्हणण्याची लाज वाटते. त्याऐवजी "मग किती वाजता निघायचं?" असं विचारा. आकडे बोटांवर दाखवा किंवा लिहून द्या. आवाजी मेसेजऐवजी मजकूर पाठवा.

लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. सोबत दुभाषी असेल तर बोलताना दुभाष्याकडे नाही, त्या व्यक्तीकडे बघा.

मशीन लावलं की झालं, असं धरून चालणं. चष्म्यासारखं मशीनचं होत नाही. नव्या आवाजाची मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुधा ते कानात नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ असतो. आवाजच येत नसेल तर आधी बॅटरी तपासा आणि मशीनचं आवाज बाहेर येण्याचं तोंड मळाने बुजलंय का ते बघा. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते, म्हणून वरचं स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मगच ती बसवा. मात्र ऐकू येणं अचानक कमी झालं, विशेषतः एका कानाने, तर मशीनशी खटपट करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.

"काही नाही, जाऊ दे." ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. सगळे हसतात, बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघतात, मग स्वतःही थोडं हसतात. "काय झालं?" विचारलं की कुणीतरी म्हणतं, "काही विशेष नाही." असं दिवसातून पाच वेळा झालं की माणूस विचारणंच सोडतो आणि लवकर झोपायला जातो. गोष्ट किरकोळ असली तरी सांगा, विषय बदलला तर तेही सांगा. त्या क्षणी जमत नसेल तर "दोन मिनिटांत सांगते" म्हणा आणि दोन मिनिटांनी जाऊन खरंच सांगा.